भिंतीपलीकडची मंडळी

धाकटीनं स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि थोरली काही बोलायच्या आत ती गर्दीत शिरलीसुद्धा.

वसतिगृहाच्या या सामायिक स्वयंपाकघरात दर शनिवारी संध्याकाळी पार्टी असे. पार्टी म्हणजे तरी काय, इथली मुलं हातात पेला घेऊनही पुस्तकांवरूनच भांडत. कोणी ओट्यावर मांडी घालून बसलं होतं, कोणी फ्रिजला टेकून. आवाज मोठा यावा म्हणून स्पीकर एका पातेल्यात ठेवला होता, पण नाचत कोणीच नव्हतं. मूळ लेखकाची चूक अनुवादकानं दुरुस्त करावी की नाही, यावरून दोघं अगदी हमरीतुमरीवर आले होते.

थोरली दाराशीच थांबली. लागूनची खोली तिची. दोन वर्षं ती तिथे राहून व्याकरणावर प्रबंध लिहीत होती आणि पार्टीला आज पहिल्यांदाच आली होती. तेही चष्म्याच्या दुकानातून सुट्टी काढून भेटायला आलेली बहीण हट्टालाच पेटली म्हणून.

"तू लंबू ना?" धाकटीनं ओट्याशी उभ्या असलेल्या उंच मुलाला विचारलं. "आणि ही बाई कोर्ट, सगळ्यांचे निवाडे करणारी. परीक्षेला पायजम्यावर गेलेला तो कुठाय?"

हशा पिकला. भांडणारे दोघंही वळले.

"तुला हे कोणी सांगितलं?" लंबू म्हणाला.

"कोणी म्हणजे? ताईनं. फोनवर तुमच्याशिवाय दुसरा विषय नसतो तिला."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. थोरलीनं चष्मा काढून पुसायला घेतला.

लंबूनं क्षणभर आठवून पाहिलं. "तुम्ही... शेजारच्या खोलीत असता ना?" त्यानं अदबीनं विचारलं.

ते 'तुम्ही' धाकटीच्या कानांनी अचूक टिपलं. तिनं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा लंबूकडे. मग जाऊन फ्रिज उघडला.

"ही अंडी कोणाची?"

"माझी. का?" लंबू म्हणाला.

"मग पहिलं ऑम्लेट तुला."

बघता बघता टेबल बाजूला सरकलं, अनुवादवाले दोघं कांदा चिरायला बसले. एकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि वाद तिथेच संपला. थोरली बेसिनशी उभी राहून बशा विसळत राहिली. तिच्याशी वाईट कोणीच वागलं नाही. बशी घेताना प्रत्येकजण आवर्जून 'थँक्यू' म्हणत होता.

खोलीत परतल्यावर धाकटी पलंगावर आडवी झाली. पलीकडे बाई कोर्ट कोणाची तरी नक्कल करत होती, ती शब्दन् शब्द इकडे ऐकू येत होती. धाकटीनं भिंतीवर तळवा टेकवला.

"सगळं ऐकू येतं की गं."

"हो."

"मी उगाच बोलले का, ताई?"

"तू बोललीस ते खरंच होतं." थोरली खुर्चीवरच्या कपड्यांची घडी घालत होती. "तिथे मी असायचे, एवढंच काय ते खोटं."

भिंतीकडे सरकून धाकटीनं बहिणीसाठी जागा केली.

पुढच्या शनिवारी दारावर टकटक झाली. बाहेर लंबू उभा होता.

"बहीण आहे का?"

"ती गेली. रविवारीच."

"अरेरे." तो घुटमळला. "बरं, मग तुम्ही या ना."

त्या 'मग'चा अर्थ तिच्याइतका कोणाला कळणार! असल्या शब्दांवरच तर तिचा प्रबंध होता. तरी तिनं चपला पायांत सरकवल्या.

आत बाई कोर्ट एका नव्या मुलीला मागच्या पार्टीची हकिगत ऐकवत होती. "आणि तिनं सरळ लंबूची अंडी ढापली, मग नावं विचारली..." सगळाच घोळ चालला होता. नवी मुलगी मान डोलवत भलतीकडेच बघत होती.

"तसं नव्हतं झालं," थोरली म्हणाली. आपला आवाज या खोलीत असा निघतो हे तिला आत्ता कळत होतं. "नावं तिला आधीच ठाऊक होती. आणि फ्रिज उघडण्याआधी तिनं माझ्याकडे पाहिलं."

"का?" नव्या मुलीनं विचारलं.

"त्यासाठी पहिल्यापासून सांगावं लागेल."

"सांग की," बाई कोर्ट म्हणाली आणि ओट्यावर सरकून बसली.

थोरलीनं आपल्या खोलीकडच्या भिंतीला पाठ टेकवली आणि सुरुवात केली. पहिली दोन-तीन वाक्यं पातेल्यातल्या स्पीकरच्या गाण्यातच बुडाली. लंबूनं हात लांबवून गाणं बंद केलं.