बाळंतिणीचं सार

"हेजूचे बाबा, समुद्र घरात आणलात की काय?"

ग्वाकबाई न्हाणीघराच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. खालच्या मजल्यावर त्यांच्या छतातून पाणी टपकायला लागलं, म्हणून त्या तावातावाने वर आल्या होत्या. पण आतलं दृश्य पाहून भांडायचं विसरल्या. कपडे भिजवायचं घमेलं, बादली, भाताचं मोठं पातेलं, सगळ्यांतून हिरवंकाळं शेवाळ फुगून वर आलं होतं. एक लांब पान बादलीच्या काठावरून उतरून मोरीच्या जाळीवर पसरलं होतं. पाणी तुंबलं होतं ते त्याच्यामुळे.

"किती भिजवलंत?"

"सगळंच."

"सगळंच म्हणजे?"

मी छातीपाशी हात नेऊन उंची दाखवली. ग्वाकबाई बुटक्या स्टुलावर बसल्या आणि हसत सुटल्या.

"अहो, मूठभर भिजवायचं असतं. आता मोक्पोतल्या सगळ्या बायका बाळंत झाल्या तरी उरेल."

बाळंतिणीचं शेवाळ समुद्रातलं, वाळवलेलं आणि अखंड विकत घ्यायचं असतं. दुकानदार ते मोडत नाही, दुमडतही नाही. दुमडलं तर बाळंतपण अडतं म्हणतात. हेजूचं लग्न झालं त्या वर्षी बायकोने ते वांदो बेटावरच्या बहिणीकडून आणलं आणि कागदात गुंडाळून कपाटाशेजारी उभं करून ठेवलं. हेजूला मूल व्हायला फार वर्षं लागली. बायकोला तेवढं थांबता आलं नाही. शेवाळ मात्र थांबलं. परवा हेजूला मुलगी झाली, तेव्हा मी कागद सोडला.

मी आयुष्यभर एका छापखान्यात पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली. शेवाळात आयोडीन असतं, कॅल्शियम, लोह असतं, ते बाळंतिणीची झीज भरून काढतं आणि आईच्या दुधातून बाळापर्यंत पोचतं, हे मी कितीदा वाचलं असेल. देवमाशाची मादी व्याल्यावर शेवाळ खाते आणि ते पाहून बायका खायला शिकल्या, ही जुनी गोष्टही मला ठाऊक होती. भिजल्यावर त्याचं किती होतं, ते मात्र कुठे छापलेलं आढळलं नाही. असेलही. माझ्या नजरेतून सुटलं असेल.

"मी करून देते सार," ग्वाकबाई म्हणाल्या. "गोमांस घालून. आमच्या डोंगराकडचं."

"हेजूच्या आईचं नुसतं असायचं. मांस नाही, मासे नाहीत."

"मग काय घालायच्या त्या?"

दर वाढदिवसाला ते सार माझ्यासमोर आलं आणि मी पुस्तकावरून नजर न काढता प्यायलो. ती तांदळाच्या दुसऱ्या धुवणात करायची, एवढंच आठवत होतं, कारण धुवणात ब जीवनसत्त्व उतरतं असं मी तिला एकदा वाचून दाखवलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "आमची आजीपण धुवणातच करायची. तिला काय माहीत जीवनसत्त्व?"

ग्वाकबाईंना सगळं सांगायला हवं होतं, पण मला असल्या गोष्टी बोलता येत नाहीत. वसंतात माझ्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काढली. हेजूला मी "एक गाठ होती, काढली" एवढंच सांगितलं. तिला तेव्हा दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठूही नको म्हणून सांगितलं होतं. माझं पुढचं औषध बाकी होतं. ग्रंथीच्या काही पेशी मागे राहतात, त्या आयोडीनच्या भुकेल्या असतात. आधी त्यांना उपाशी ठेवायचं, मग किरणोत्सारी आयोडीन द्यायचं. भुकेपोटी त्या ते पिऊन टाकतात आणि मरतात. मला त्या पेशींची थोडी कीव आली. डॉक्टरांना मी तसं बोललो नाही.

म्हणजे माझं पथ्य चालू होतं. समुद्रातलं काही नाही, समुद्राचं मीठ नाही, किमची नाही, सोयाचं पाणी नाही, दूध नाही, अंड्यातला पिवळा बलक नाही. भात, काकडी, उकडलेला बटाटा आणि दवाखान्याने चालेल म्हटलेलं पुडीतलं मीठ, तेही चिमूटभर. पथ्य मोडलं तर तारीख पुढे जाणार होती, आणि या औषधासाठी लागणाऱ्या वेगळ्या खोल्या थोड्याच असल्यामुळे पुढची तारीख कधी मिळेल ते कोणी सांगत नव्हतं. सोमवारी मला ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात दाखल व्हायचं होतं. त्यानंतर बरेच आठवडे तान्ह्या बाळाजवळ जायचं नाही, असं नर्सने दोनदा बजावलं होतं.

हेजूला आईच्या हातचं सार मिळणार नव्हतं. निदान त्याच्या जवळपासचं काहीतरी सोमवारच्या आत तिच्यापर्यंत पोचवायचं होतं. आज शनिवार. आणि ते मला चाखता येणार नव्हतं.

ग्वाकबाईंनी शेवाळ चोळून धुतलं, कापलं, उरलेल्याच्या पिशव्या करून बर्फाच्या कप्प्यात कोंबल्या. मग "माझं छत बघून येते" म्हणून खाली गेल्या. मी पातेल्यात तिळाचं तेल घालून शेवाळ परतलं, धुवण ओतलं, झाकण ठेवलं. त्या परत आल्या तेव्हा सार उकळत होतं. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती.

मी झाकण काढलं. किती दिवसांनी तो वास नाकात गेला. तोंडाला पाणी सुटलं आणि हात आपोआप चमच्याकडे गेला. चमचा भरून ओठांजवळ आला तेव्हा ग्वाकबाईंनी मनगटावर चापटी मारली.

"काय करताय? पहिली वाटी सामशिन आजीची. पोरीला पोटात जपून इथवर आणलं त्या म्हातारीने, आणि तिच्याआधी तुम्ही तोंड लावताय?"

चमचा परत पातेल्यात रिकामा केला. सामशिन आजीचे आभार मानावेसे वाटले, पण बाळंतपणाच्या त्या देवीला मी तसा फारसा मानत नाही, त्यामुळे ते बरोबर दिसलं नसतं.

"मग कळणार कसं, जमलंय का नाही ते?" मी विचारलं.

"नैवेद्य चाखून बघतात का कुठे? अंदाजाने करायचा. हेजूची आई अंदाजानेच करत असणार."

माझ्याजवळ अंदाज नव्हता. पण उभ्या उभ्या एक लक्षात आलं. बायको सार करायची तेव्हा मी स्वयंपाकघरात कधीच नसायचो. आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसलेला असायचो. दार अर्धं उघडं असायचं. तिच्या साराबद्दल मला जे काही ठाऊक होतं, ते त्या खुर्चीतून ठाऊक होतं.

"तुम्ही जरा इथे उभ्या राहाल का?" मी म्हणालो. "मी आत जाऊन बसतो."

"आणि?"

"वास घेतो."

ग्वाकबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचा नवरा शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाला होता. "बरं," त्या जपून म्हणाल्या.

मी खुर्चीत बसलो. दार अर्धं लोटलं. मांडीवर पुस्तकही घेतलं, कारण त्याशिवाय बसणं चुकीचं वाटलं.

"आला का वास?" बाहेरून हाक आली.

"येतोय. पण तो नाही."

"आता?"

"अजून नाही."

"अहो, शेवाळ ते शेवाळच. त्याला काय जाई-जुईचा वास येणार?"

"काहीतरी कमी आहे. मातकट. भाजल्यासारखं. पावसात भिजलेल्या गवतासारखं."

"गवत घालू?"

मग काही वेळ नुसते डबे उघडल्याचे आवाज. बायको गेल्यापासून मी मागच्या ओळीतल्या डब्यांना हात लावला नव्हता.

"इथे रानतिळाची पूड आहे," ग्वाकबाई म्हणाल्या. "जुनी दिसते. खवट नाही झालेली. टाकू?"

बहुतेक त्यांनी टाकली. मी पुस्तकाच्या ओळीवर नजर ठेवून बसलो होतो. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून ती आली. वास आला म्हणायला हवं, पण मला तसं लिहिता येत नाही. आता हाक येईल, पुस्तक ठेवा, सार निवतंय, असं वाटलं.

"हेजूचे बाबा? झोपलात का?"

"झालं," मी म्हणालो. "बंद करा."

ग्वाकबाईंनी पहिली वाटी, भात आणि स्वच्छ पाणी पूर्वेच्या कोपऱ्यात मांडलं. हात चोळत पुटपुटल्या, "आजी, पोरीला दूध भरपूर येऊ दे. बाळाला झोप दे. या माणसाला अक्कल दे." मग स्वतःसाठी एक वाटी काढून घेतली, पातेलं फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीपण दोन वाट्या प्या. आवाज अजून बसलेलाच आहे तुमचा."

"आल्यावर पितो," मी म्हणालो.

हेजू होती त्या बाळंतघरात नवऱ्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. दाराशी आलेल्या मुलीने फडकं सोडून पाहिलं.

"आजोबा, इथे तिन्ही वेळा हेच सार देतो आम्ही."

हे मला सुचायला हवं होतं. मी पातेलं परत घेऊ लागलो, तर तिनेच ते धरून ठेवलं. "घरचं आहे ना? देते मी नेऊन."

ठरलेल्या वेळी काचेमागचा पडदा सरकला. एका पाळण्यात लाल, सुरकुतलेला चेहरा होता. तो कोणासारखा होता, ते मला सांगता येणार नाही. बाजूला हेजू सैल अंगरख्यात बसली होती, फोन कानाला लावून. माझा फोन वाजला.

"बाबा, तुम्ही केलंत? खरंच?"

"ग्वाकबाईंनी मदत केली."

"हात-बित भाजून नाही ना घेतलात?"

तिने फोन बाजूला ठेवला आणि मांडीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. वाफेत तोंड घालून ती तशीच राहिली. तिची पाठ हलत होती की मला तसं वाटलं, काचेतून कळेना. मग तिने चमचा भरला, तोंडात घातला आणि थांबली. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नंतर मात्र ती थांबली नाही. पातेलं तिरकं करून तळाचंसुद्धा प्यायली.

"कसं झालंय?" तिने फोन उचलल्यावर मी विचारलं.

"छान. घरच्यासारखं."

"अगदी?"

"अगदी." मग जराशाने, "बाबा, तुम्ही चाखलं होतं ना?"

"हो."

"मग बरोबर आहे."

ती बराच वेळ माझ्या गळ्याकडे पाहत होती. मी मफलर नीट केला.

"आम्ही घरी गेलो की या. हिला घ्या मांडीवर."

"मी जरा वांदोला जाऊन येतो. मावशीकडे."

"आत्ता?"

"तिचं छप्पर गळतंय. माणूस मिळत नाही म्हणते."

"तुम्ही छपरावर चढणार?"

"मी खालून शिडी धरणार."

ती हसली. "हिच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाला तरी याल ना?"

"तेव्हा नक्की," मी म्हणालो. पडदा सरकला.

परत आलो तर ग्वाकबाई जिन्यातच उभ्या होत्या, हातात वाटी, चेहरा पडलेला.

"अहो, मीठ?"

"काय मीठ?"

"मीठच नाही यात. ठार अळणी. मला वाटलं, मी यायच्या आधी तुम्ही घातलंत."

मिठाची बरणी चुलीशेजारी असते. बायकोच्या वेळेपासून तिथेच असते. पथ्य सुरू झालं तेव्हा चुकून हात जाऊ नये म्हणून मी ती वरच्या फळीवर भांड्यांच्या मागे ठेवली होती. डोळ्यांसमोर नसल्यामुळे दोघांनाही आठवली नाही. आणि मिठाला वास नसतो.

"अळणी पाजलंत पोरीला," ग्वाकबाई म्हणाल्या. "काही बोलली नाही?"

"छान झालंय म्हणाली. सगळं प्यायली."

ग्वाकबाईंनी वाटीतलं उरलेलं सार माझ्यासमोर पिऊन टाकलं आणि खाली निघून गेल्या.

इस्पितळातल्या खोलीच्या भिंती जाड होत्या. खिडकी होती, पण उघडत नव्हती. शिशाच्या डबीतून गोळी आली, मी ती पाण्याबरोबर घेतली. त्यानंतर कोणी आत येणार नव्हतं. आपल्या अंगातून काहीतरी बाहेर पडतंय आणि त्याच्यापासून माणसांना वाचवायचंय, ही कल्पना करून पाहिली. नीट जमली नाही. पुस्तकं मी आणली नव्हती, कारण आत नेलेली वस्तू परत घरी नेता येईलच असं नाही, असं सांगितलं होतं.

दुपारी दारातल्या झडपेतून ताट आलं. भात, उकडलेला भोपळा, पांढरट पाण्यात मुळ्याच्या फोडी. कशालाच चव नव्हती. पहिल्या घासाला मी थांबलो. मग थांबलो नाही. मुळ्याचं पाणीसुद्धा वाटी तिरकी करून प्यायलो आणि रिकामी भांडी एकात एक रचून झडपेशी ठेवली.

भिंतीवरच्या जाळीतून नर्सचा आवाज आला. "आजोबा, जेवलात? अळणी लागलं असेल ना?"

"छान होतं," मी म्हणालो. "घरच्यासारखं."