जावयाचा गोटा

“अवं, जातं कुठी नेलं तुमी?”

मी दळणाची टोपली घेऊन उभी, आणि जात्याच्या जागी नुसता पिठाचा गोल उरलेला. परसात जाऊन पाहते तर आमचे हे लंगोट लावून उभे. जात्याच्या दोन्ही पाळ्या सुतळीने बांधून छातीशी धरलेल्या, तोंड लालभडक, मांड्या लटलट कापताहेत. आयुष्यात कात्रीपेक्षा जड काही न उचललेला माणूस! आधी मला हसूच फुटलं, आणि मग असा संताप आला की काही विचारू नका.

“टाका ते खाली! पायावर पडंन ना!”

“थांब वं जराशी. काल गुडघ्यापर्यंतच आलं होतं. आज पाह्य, छातीले लागलं.”

याला कारण माझंच माहेर. आसेगावकडच्या आमच्या गावात मारुतीच्या पारापुढे एक काळा गोटा पडलेला असतो. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नव्या जावयाने तो छातीपर्यंत उचलायचा. उचलला तर फेटा आणि वाजतगाजत मिरवणूक. नाही उचलला तर बाया पदराआड हसतात आणि पोट्टे जन्मभर चिडवतात. यांनी तर कुणब्याच्या घरात जन्मून नांगर सोडला होता आणि रिसोडात शिलाईचं दुकान टाकलं होतं. माझा भाऊ जगदेव लग्नाच्या पंगतीतच सगळ्यांदेखत म्हणाला होता, “आमचा जवाई सुई उचलते, गोटा काय उचलंन!” पंगत खो खो हसली. हे पानावरून उठले नाहीत, पण पुढचा घास काही त्यांनी घेतला नाही. ते मी विसरले नाही, आणि त्यांनी तर मनात गाठच मारून ठेवली.

तालमीचे उस्ताद भाऊसिंग आमच्याकडे पैलवानांचे जांगे शिवायला टाकत. गोटा उचलायला शिकवा म्हणून हे त्यांच्या पायाच पडले. मी तेव्हा दुकानात डबा घेऊन आलेली.

“इंद्रभान, गोटा हे पैलवानाचं शेवटचं काम हाये बापा, पयलं नाई,” उस्ताद म्हणाले. “वरीसभर तालमीची माती खांद. बैठका मार. मंग लाहान गोटा देतो. तुही कंबर अजून कच्ची हाये.”

“वरीसभर कोन थांबते उस्ताद? पोळा तोंडावर आला.”

“मंग यंदा नको उचलू. हसतीन चार लोक, हसू दे.”

“तुमाले काय जाते म्हणायले!”

उस्तादांनी जांगे काखेत मारले आणि ते निघून गेले. यांनी ऐकलं नाही. तालमीतली पोरं वर्षानुवर्षांच्या मेहनतीने जे करतात ते आमच्या माणसाला एका श्रावणात करायचं होतं. सकाळी जातं, संध्याकाळी पाण्याने भरलेला रांजण. मी रडले, भांडले, एक दिवस चूलच पेटवली नाही. उपाशीपोटी त्यांनी रांजण हलवलाच.

आणि करीच्या दिवशी त्यांनी गोटा उचलला! हो, उचलला. डफडं थांबलं, सगळा गाव श्वास रोखून होता, आणि माझ्या माणसाने तो काळा धोंडा छातीला लावला. जगदेवने स्वतः त्यांना फेटा बांधला. मी बायांत उभी होते. गोटा खाली टाकल्यावर त्यांचा चेहरा राखेसारखा झालेला मी एकटीने पाहिला. मिरवणुकीत ते ताठ चालत होते, आणि लोकांना वाटलं, गर्वानेच चालताहेत.

घरी परतताना ते बैलगाडीत आडवे होऊन आले. “माहेरी बोललीस तं माही आन हाये,” एवढंच म्हणाले. वैद्य झाले, शेक झाला, हाडं बसवणारा झाला. उजव्या पायात मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. मशीनवर बसलं की घटकाभरात डोळ्यांत पाणी. शेवटी मी मशीन शिकले. मी पाय मारायचे, हे उभ्याने कापड कापायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, “काय इंद्रभान, बायकोले जुंपलं काय?” हे हसायचे. त्या हसण्याने माझं काळीज तुटायचं.

पुढल्या पोळ्याला जगदेव आग्रहाने न्यायला आला. माझ्या चुलतबहिणीचा, चंदाचा, नवरा फुलचंद यंदाचा नवा जावई. गोरागोमटा, वाशिमला कापडाच्या दुकानात गादीवर बसणारा. पारापुढे जगदेव ओरडला, “जवाईबुवा, सांगा याले, कसा उचलला होता तो!”

हे पुढे झाले. मला वाटलं, दोन शब्द बोलून बाजूला होतील.

“फुलचंद, हात नको लावू,” हे म्हणाले. “मी उचलला अन् माही कंबर गेली. वरीस झालं, मले मशीनवर बसता येत नाई. बायको पाय मारते तवा घर चालते. सवय नसंन तं हे काम नाई करू. हसू दे लोकायले.”

भर गावात आपली लाज स्वतःच्या हाताने उघडी करणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मला रडूही येत होतं आणि त्यांचा अभिमानही वाटत होता. मग कोणीतरी मागून फिसकन हसलं.

“जवाईबुवाले आपला मान एकट्यालेच ठुवायचा हाये!” जगदेव म्हणाला. सगळा गाव हसला. फुलचंदने धोतर खोचलं. उचलला त्यानेही. डफडं वाजलं, फेटा बांधला, मिरवणूक निघाली. हे पारापाशीच उभे राहिले.

दिवेलागणीला माझी आई, प्रयागबाई, पुरणाचं ताट घेऊन आली. हे आतल्या खोलीत सतरंजीवर पडले होते. त्यांनी ताटाकडे पाहिलंही नाही. तेवढ्यात फुलचंद आला. फेटा डोक्यावर तसाच होता. दाराची चौकट धरून तो उभा राहिला, आत येईना.

“साडभाऊ,” तो हळूच म्हणाला, “तुमी गोटा उचलला त्या दिवशी तुमाले बसता येत होतं काय?”

हे भिंतीकडे सरकले आणि सतरंजीवर त्याला पडायला जागा करून दिली.