शेवटचा फोटो सगळ्यांत वर असतो

मित्रांनो, मी एक जुना, रोल घालायचा कॅमेरा आहे. माझ्या पाठीवर चित्र दिसत नाही, म्हणून तुमच्यातले पुष्कळ जण मला उलटसुलट करून बघतात आणि मोडका समजून खाली ठेवतात. मी मोडका नाही. माझ्या पोटात काढलेले फोटो रोल धुऊन येईपर्यंत कुणालाच दिसत नाहीत, एवढेच.

कारखान्यात मला कुणी जुळवले ते आठवत नाही. आठवते ते नांदेडच्या दुकानातले काचेचे कपाट. तिथून मला गुलाबसिंग घेऊन आले. सिद्धेश्वरच्या धरणाजवळ त्यांचा तांडा. घरात ते गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलत, पण मी तुम्हाला मराठीतच सांगतो. दुकानदाराने त्यांना बजावले होते की रोल आत असताना मागचे झाकण उघडले, तर उजेड शिरून सगळे फोटो जळतात. गुलाबसिंगांनी घरी येताच जाहीर केले, "झाकणाला हात लावील त्याची गाठ माझ्याशी हाय." त्यांची मुले, रणजीत आणि धाकटी पुजा, मला दोन बोटांनीसुद्धा शिवायला भीत.

ते माझे वैभवाचे दिवस होते. मला बाहेर काढले की अख्खा तांडा तोंड धुऊन यायचा. कुणी उसने घड्याळ मनगटाला बांधी, कुणी रेडिओ मांडीवर घेई. डोळे मिटू नयेत म्हणून शेजारचा सोनाजी ते इतके ताणून धरायचा की फोटोत तो भूत बघितल्यासारखा दिसे. गुलाबसिंग मात्र खटका जपून दाबत. एका सणाला एक फोटो, एका पाहुण्याला एक. रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही हा त्यांचा नियम. मग जीपने हिंगोलीला जाऊन तो स्टुडिओत द्यायचा आणि वाट बघायची.

या सगळ्या फोटोंत एक माणूस कधीच नसे. गुलाबसिंगांची बायको रूपाबाई. पुजा तिला याडी म्हणायची, म्हणजे आई. लेकरांची तोंडे पुसून, केस विंचरून ती त्यांना माझ्यासमोर उभी करी आणि स्वतः बाजूला सरे.

"तू बी ये की," गुलाबसिंग म्हणत.

"मला काय बघायचं? मी तर रोजच हाय. लेकरायचे काढा, ते वाढून राहिले."

एका दुपारी ती दारातल्या सावलीत बसून पुजाच्या घागऱ्याला आरसे टाचत होती. पुजाने, तेव्हा ती चौथीत असेल, मला खुंटीवरून हळूच काढले, डोळ्याला लावले आणि खटका दाबला.

"काय केलंस गं?"

"तुझा काढला."

"वाया घातलास की एक. येऊ दे तुझ्या बापूला." पण ती हसत होती. तिचा सगळा चेहरा, एरवी हसताना जाई तसा तोंडावर हात न जाता, त्या वेळी माझ्या आत आला.

संध्याकाळी गुलाबसिंगांनी माझ्यावरचा आकडा बघितला. "आता राहिलेल्या फोटोंना कुणी हात लावू नका. रणजीतच्या लग्नाला कामी येतील." रणजीतला तेव्हा मिसरूडही फुटली नव्हती.

मला पत्र्याच्या पेटीत ठेवले. उन्हाळे गेले. माझ्या आकड्याची काच धुरकटली. रणजीतच्या लग्नाला हिंगोलीहून फोटोवाला आणि व्हिडिओवाला आला, तेव्हा माझी आठवण कुणाला होणार? पुढे दोन वर्षांनी रूपाबाई तापाने गेली. भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधू लागले, तर एकही नाही. रणजीतच्या लग्नाच्या फोटोत ती होती, पण घुंगटात. शेवटी मतदानाच्या कार्डावरचा इवलासा चेहरा मोठा करून आणला. तो कुणाचाही असू शकला असता. तिचा खरा चेहरा माझ्यापाशी होता, आणि मला तोंड नव्हते.

पुजा कॉलेज शिकून, लग्न होऊन हिंगोलीत राहू लागली. तिला मिना झाली. पुजा घाबऱ्या स्वभावाची. मिनाला शिंक आली तरी तिच्या कपाळाला हात लावून बघणारी. तिने मोबाइलवर लेकीचे शेकडो फोटो काढले आणि एक दिवस तो मोबाइल बादलीत पडला. पहिले दात, पहिली पावले, सगळे गेले. त्या दिवसांत तिने पेपरात वाचले की शहरातली हौशी माणसे पुन्हा रोलवर फोटो काढू लागली आहेत. फोटो धुऊन, छापून, हातात येतात, पाण्यात पडले तरी निगेटिव्ह राहते. ती नवा रोल घेऊनच तांड्यावर आली आणि पेटी उघडली.

किती वर्षांनी मी उजेड पाहिला! तिने मऊ फडक्याने माझी काच पुसली. गुलाबसिंग आता थकले होते, बाजेवर बसून बघत होते.

"बापू, यात रोल तर न्हाई ना?"

"कशाचा रोल? कधीचा बंद हाय तो."

मित्रांनो, माझी डावीकडची गुंडी तिने नुसती फिरवून पाहिली असती, तर ताण लागला असता आणि आत रोल आहे हे तिला कळले असते. तिने ऐन उन्हात झाकण उघडले.

आत रोल दिसताच लगेच मिटलेही. पण उजेडाला तेवढा वेळ पुष्कळ होतो. ती मला पोटाशी धरून खाली बसली. मग हळूच म्हणाली, "बापू, याडीचा एक होता. मीच काढलेला."

गुलाबसिंग बाजेवरून उठून तिच्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "मीच म्हणलो ना तुला, बंद हाय म्हणून."

रोल हिंगोलीत दिला. स्टुडिओवाले म्हणाले, "ताई, धुऊन देतो, पण आस लावू नका." रोलमधले आधी काढलेले फोटो आतल्या वेढ्यांत असतात, ते बरेचसे वाचले. सोनाजीचे डोळे आले, रणजीतच्या मांडीवरचा रेडिओ आला. शेवटचा फोटो मात्र सगळ्यांत वर असतो. रूपाबाईच्या फोटोत वरचा भाग नारिंगी जळून गेला होता. खाली सुई धरलेला हात आणि मांडीवरचे चार आरसे तेवढे राहिले. तिच्यानंतर कुणी दोन-चार फोटो उगीच काढले असते, माळवदाचे, बकरीचे, कशाचेही, तर ते वर आले असते आणि ती आत काळोखात शाबूत राहिली असती. लग्नासाठी राखलेल्या फोटोंनी लग्नही पाहिले नाही आणि तिलाही वाचवले नाही.

तो हाताचा फोटो गुलाबसिंगांनी मोठा करू दिला नाही. "आहे तेवढाच राहू दे," म्हणाले. ते तो खिशात ठेवतात.

पुजा आता माझ्यावर फोटो काढते. मी तिच्या हातात असतो याचा मला आनंद आहे, पण तो पुरा होत नाही. मित्रांनो, जुना कॅमेरा सापडला तर गुंडी फिरवून बघा, आणि तो उघडायचाच असेल तर काळोखात उघडा. रोल राखून ठेवू नका. आणि घरी तुमचे फोटो जी बाई काढते, तिच्या हातून एकदा कॅमेरा घ्या. ती नको म्हणेल, केस नीट नाहीत म्हणेल. तरी काढा.