डाव्या पायाचं पेडल

योगीराजला ते पहिल्यांदा जाणवलं बंगळूरमध्ये, के. आर. पुरमच्या झुलत्या पुलाच्या अलीकडे, सकाळच्या गर्दीत. पुढची बस हातभर सरकली. त्याने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि पेडल सोडता सोडता त्याचा डावा पाय थरथरला. मागून हॉर्न वाजायला लागले. होसकोट्याच्या कारखान्यात पोचेपर्यंत ती थरथर आणखी दोनदा आली. गाडी लावून तो तसाच आत बसून राहिला आणि हाताने मांडी चाचपत राहिला.

दुसरा कुणी पाय झटकून विसरून गेला असता. योगीराजला ते जमणारं नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्याचे दोन्ही पाय असेच गेले होते. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग जिना चढवेना, आणि आठवड्याच्या आत तो हॉस्पिटलात पडला होता. अंगठासुद्धा हलत नव्हता. नसांचा आजार होता. शरीर आपल्याच नसांवर उलटतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. माणूस यातून उठतो, परत होण्याची शक्यता फार थोडी, पण अशक्तपणा वाटला तर लगेच या, असंही ते म्हणाले होते.

तो उठला. त्याला उठवलं ते बायकोने, सोनमने, आणि घरी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या अनुसूयाबाईंनी. अनुसूयाबाई कन्नड-मराठी मिसळून बोलत आणि कधी घाई करत नसत. "आज नुसता अंगठा हलवा. स्वल्प हलला तरी पुरे," म्हणत. तो वॉकर धरून चालायला लागला, तेव्हा एक दिवस त्या त्याला जे. पी. नगरच्या इमारतीच्या तळमजल्यावर घेऊन गेल्या. तिथे त्याची निळी स्पोर्ट्स कार धूळ खात उभी होती. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी. निपाणीहून नोकरीला आलेल्या या पोराने पगारातून साठवून जुनीच घेतलेली, पण जीव लावून. अनुसूयाबाईंनी त्याला आत बसवलं आणि इंजिन बंद ठेवूनच म्हणाल्या, "आता क्लच दाबा."

पहिल्या दिवशी पेडल अर्ध्यावरही गेलं नाही. ज्या दिवशी ते तळाला टेकलं, त्या दिवशी सोनम बॉनेटवर डोकं टेकून रडली.

मग तो कामावर रुजू झाला आणि हीच गाडी रोज होसकोट्यापर्यंत न्यायला लागला. लोक म्हणत, आता तरी ऑटोमॅटिक घे, या शहरात क्लच दाबून दाबून पाय मोडायचे कशाला. तो हसून सोडून देई. ते पेडल दाबताना त्याला रोज बरं वाटायचं, हे त्यांना काय सांगणार.

आणि आता तेच पेडल जड लागत होतं. संध्याकाळी घरी येईपर्यंत मांडी भरून यायची. चढावर गाडी सोडताना पाय लटपटायचा. तो न्हाणीघरात भिंत न धरता डाव्या पायावर उभा राहून बघू लागला. जमायचं, पण त्याने त्याचं समाधान होईना. आज जमलं, उद्याचं काय? डॉक्टरांकडे जायला हवं होतं. तो गेला नाही. गेल्यावर त्यांनी नको ते सांगितलं असतं तर? सोनमलाही बोलला नाही. तिने मागे सगळं केलं होतं. पुन्हा तिच्यापुढे हे कुठल्या तोंडाने ठेवायचं, असं त्याला वाटे.

एका रविवारी दोघं बन्नेरघट्ट्याच्या बाजूला निघाली होती. चढावरच्या सिग्नलला गाडी थांबली. दिवा हिरवा झाला, त्याने पेडल सोडलं, पाय थरथरला, गाडी दोन गचके देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. त्याने हँडब्रेक ओढला आणि समोर बघतच म्हणाला,

"सोनम, तू चालव. माझा पाय परत जातोय."

सोनमने सीटबेल्ट काढला. दार उघडून, मागच्या रिक्षावाल्याला हात करून ती वळसा घालून आली. योगीराज सरकून पलीकडे बसला. ही गाडी तिने कधी रस्त्यावर चालवली नव्हती. तिची स्वतःची छोटी गाडी होती, आणि ही त्याची असंच दोघांनी धरलेलं. तिने सीट पुढे ओढली, क्लच दाबला आणि थांबली.

"हे एवढं जड असतंय?"

"नाही. मलाच..."

"थांब जरा." तिने पेडल हळूहळू सोडलं. गाडी अंग झटकल्यासारखी थरथरली आणि मग निघाली. चढावर तिने वेग द्यायला बघितलं, तर इंजिनाचा आवाज नुसताच चढला, गाडी काही त्या मानाने पळेना. करपल्यासारखा वास आत आला. पुढे मोकळी जागा बघून तिने गाडी कडेला घेतली.

"योगी, माझा पाय बघ."

तिचा डावा पाय पेडलवरून काढल्यावरही मांडीत थरथरत होता.

"मला काय झालं नाही ना? मग तुलाच झालंय कशावरून? थरथरतेय ती गाडी." तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "किती दिवस एकटाच घेऊन बसलास हे?"

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, "दोन्ही तपासायचे. गाडी पण आणि तू पण. आता ऐकून घेणार नाही."

गाडी त्यांनी जवळच्याच नरसिंहरावांच्या गॅरेजात सोडली. नरसिंहरावांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि बोलताना दोन्ही. त्यांनी एकदा पेडल दाबून बघितलं आणि म्हणाले, "क्लच गेलाय, अण्णा. गिअरबॉक्स उतरवून बघतो. स्वल्प दिवस लागतील, पार्ट मागवायचा असला तर."

डॉक्टरांकडे सोनम बरोबर गेली. त्यांनी गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय झटक्याने उडाला. पावलांनी त्यांच्या हातावर जोर द्यायला लावला, टाचांवर चालायला लावलं, नसांची तपासणी केली. मग म्हणाले, "तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा जास्त ताकदीचा आहे. काय व्यायाम करता?"

योगीराजने सोनमकडे बघितलं. सोनमच म्हणाली, "क्लच दाबतात."

दोघं गॅरेजात गेली तेव्हा नरसिंहरावांनी काढलेले भाग बाकावर मांडले होते. क्लच प्लेटचा खडबडीत थर झिजून खिळ्यांच्या डोक्यांपर्यंत आला होता. शेजारी ताटाएवढं जड लोखंडी चाक होतं, फ्लायव्हील. त्याच्या तोंडावर तापून निळे-जांभळे डाग पडले होते आणि केसासारख्या बारीक भेगा होत्या.

"प्लेट झिजत जाते तशी मागची स्प्रिंग ताठत जाते, म्हणून पेडल जड," नरसिंहराव म्हणाले. "आणि हे डाग आहेत ना, तिथं प्लेट सारखी धरत नाही. धरते, सुटते, धरते. म्हणून थरथर."

"घासून चालेल का हे?"

"नको. भेगा आहेत. दोन्ही नवीनच घालू."

योगीराजने त्या निळ्या डागांवरून अंगठा फिरवला. इतके दिवस ज्याला तो घाबरत होता, ते हे होतं. लोखंडात होतं, बाकावर मांडता येत होतं, बदलता येत होतं. त्याचे डोळे भरून आले. नरसिंहरावांना वाटलं असावं, गाडीसाठीच. ते म्हणाले, "बरी होईल अण्णा, काळजी नको. पुष्कळ चाललीय बिचारी."

"पुष्कळ," योगीराज म्हणाला. "उपकार आहेत तिचे."

त्याच दिवशी त्याने अनुसूयाबाईंना फोन केला. त्या आता म्हैसूरला लेकीकडे राहत होत्या. त्याने सगळं सांगितलं, अगदी न्हाणीघरात एका पायावर उभं राहण्यापर्यंत. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "सांगायचं होतंत ना आधी. माणसं कशाला असतात?" त्यावर त्याने, इतक्या वर्षांत राहून गेलेलं, त्यांना नीट धन्यवाद म्हटलं. "सरी, सरी, असू दे," त्या म्हणाल्या, आणि सोनमला फोन द्यायला सांगितला.

नवी प्लेट आणि नवं फ्लायव्हील बसवून गाडी पुढच्या शनिवारी तयार झाली. योगीराजने क्लच दाबला आणि पाय जवळजवळ आपटलाच, इतकं ते पेडल हलकं होतं. नरसिंहराव खिडकीशी वाकून म्हणाले, "पहिले काही दिवस जोर करू नका. दोघांची ओळख होऊ द्या आधी."

घरी जायच्या ऐवजी तो आनेकलच्या रस्त्याला लागला. शेजारी सोनमने काच खाली केली. गावाबाहेर एका शेताच्या कडेला त्याने गाडी थांबवली, उतरला आणि उगाचच बांधावरून चालत गेला. पाय मातीत रुतत होते, सुटत होते. जरा पुढे जाऊन तो परत वळला, तर शेतातली एक म्हातारी गाडीपाशी येऊन उभी होती. पदरात अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा होत्या. "गाडी केट्टोयिता?" तिने त्याला विचारलं. बिघडली का?

"इल्ला अक्का," तो म्हणाला. "एल्ला सरी इदे."

सगळं ठीक आहे म्हणणाऱ्या माणसाचे डोळे ओले कसे, हे काही तिला कळलं नसावं. तिने त्याच्याकडे एकदा, गाडीतल्या सोनमकडे एकदा बघितलं आणि दोन ओंजळी शेंगा खिडकीतून सोनमच्या ओढणीत टाकल्या. नको म्हटलं तरी ऐकेना.

परतताना सोनम मांडीवर ओढणी पसरून शेंगा सोलत बसली. सिग्नलला गाडी थांबली की एखादा कच्चा दाणा ती त्याच्या तोंडात घालत होती.