रिकाम्या काचपट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. मुलींनो, तुम्हीही ऐका, कारण ही गोष्ट जास्त तुमचीच आहे. गोड बोलणे मला जमत नाही. सारे आयुष्य बारकाईने पाहण्यात गेले, त्यामुळे माणसांविषयी माझे मत फारसे चांगले उरलेले नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. तिथून मला बंगळुरात, यशवंतपूरच्या बाजारामागे डॉक्टर त्रिविक्रमांच्या दवाखान्यात आणले. मला वाटले, आता भरपूर काम मिळणार. डॉक्टरांनी मला दारातून दिसेल अशा काचेच्या कपाटात बसवले. दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, मला हार आणि कुंकू मिळायचे. डोळा मात्र कोणी लावला नाही. ज्याची पूजा होते त्याला काम देत नाहीत, हे मी तिथे शिकलो.

बायका येत आणि खाली मान घालून सांगत, "अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटते, वास येतो." डॉक्टर खिडकीबाहेर बघत ऐकायचे. पहिल्या खेपेला म्हणायचे, "उष्णता आहे." दुसऱ्या खेपेला, "मनाचं आहे." तिसऱ्या खेपेला, "पिशवी खराब झालीय, काढून टाकू." पिशवी म्हणजे गर्भाशय. किडका दात काढतानाही माणूस याहून जास्त विचार करतो. हुशार माणूस! न बघताच सगळे कळायचे.

१९९५ साली संयोगिता आली. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली होती आणि इंदिरानगरहून दोन बस बदलून यायची. बायकांच्या या तक्रारींमागे नेमके कोणते जंतू असतात, यावर तिचे संशोधन चालू होते. शोधनिबंधावर आपलेही नाव येणार म्हणून डॉक्टरांनी तिला मागची खोली दिली. तिने मला कपाटातून काढले, भिंगावरचे कुंकू पुसले आणि दहा वर्षांत प्रथमच मी काही पाहिले.

निरोगी बाईच्या योनीत लांबट जंतू राहतात. ते दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. तिथला आंबटपणा ते टिकवतात आणि इतर जंतूंना माजू देत नाहीत. ते नाहीसे झाले की दुसऱ्यांचे फावते आणि तक्रारी सुरू होतात. किती शहाणी वस्ती! मला तर ती बाहेरच्या दवाखान्यापेक्षा बरी वाटली.

पण बायकांच्या स्रावाचे नमुने लावलेल्या तिच्या निम्म्याअधिक काचपट्ट्या रिकाम्या निघू लागल्या. बाई वासाने हैराण, आणि पट्टीवर ना चांगले जंतू, ना वाईट. संयोगिता कागदावर लिहायची, 'दोष आढळला नाही.' डॉक्टर खूश व्हायचे. "मी म्हणत होतो ना, मनाचं असतं!" मला तिचाही राग यायचा. एवढी शिकलेली बाई, पण पट्टी रिकामी का, असे तिने एकाही बाईला विचारले नाही.

महानंदा अगरबत्तीच्या कारखान्यात पुडे भरायची. वय सव्वीस. एक मुलगी होती आणि आणखी एक मूल हवे होते. तीन खेपांना तिची पट्टी स्वच्छ निघाली, म्हणून डॉक्टरांनी पिशवी काढायला सोमवारची तारीख दिली. शनिवारी रक्त तपासायला ती कारखान्यातून थेट आली. बरोबर सासू चंद्राबाई होती. संयोगिता म्हणाली, "एक शेवटचा नमुना देऊन जा."

महानंदा मागे सरली. "आज नको अक्का. आज मी धुऊन आले नाही."

"धुऊन म्हणजे?"

"डॉक्टरकडं यायचं म्हटल्यावर आतनं धुवाय नको? जखमेला लावतात ते वासाचं औषध पाण्यात स्वल्प घालते. अत्तेनं शिकवलंय."

अत्ते म्हणजे सासू. चंद्राबाईने मान डोलावली. "आमच्यात सगळ्याच करतात. रोज एकदा, आणि इथं येताना दोनदा. घाण घेऊन कसं यायचं?"

आता संयोगिताला रिकाम्या पट्ट्यांचा अर्थ लागला. बायका लाजेपायी दुखण्याचा पुरावा धुऊन यायच्या. त्याच धुण्याने राखणदार जंतू मरायचे. वर दवाखाना म्हणायचा, मनाचे आहे! एका छपराखाली इतका मूर्खपणा मी पुन्हा पाहिला नाही.

त्या दिवशी न धुतलेला नमुना माझ्याखाली आला. पेशींच्या कडा बारीक जंतूंनी बरबटल्या होत्या आणि लांबट जंतू एकही नव्हता. आठवडाभराच्या गोळ्यांचे दुखणे! संयोगिताने डॉक्टरांना बोलावले.

"मला काय दाखवतेस? बावीस वर्षं हेच करतोय," डॉक्टर म्हणाले आणि ताठ उभे राहिले.

मग चंद्राबाईच वाकली. एक डोळा मिटून तिने बराच वेळ पाहिले. "ह्याच्यासाठी पिशवी काढतात?"

"नाही मावशी. गोळ्यांनी बरं होतं. फक्त ते धुणं बंद करा."

चंद्राबाई डॉक्टरांकडे वळली. "नऊ वर्षांखाली माझी काढलीत. तेव्हा बघितलं होतं ह्याच्यात?"

मी तेव्हा पलीकडच्या खोलीतच होतो. मला माझीही किळस आली.

"जुनं कशाला उकरता? बरं वाटलं ना नंतर?" डॉक्टर म्हणाले.

"नाही. अजून तसंच जातंय. लाज वाटली म्हणून परत आले नाही."

तिने महानंदाचा हात धरला. "सरी, बरं, चल. सोमवारी कामावर जायचंय तुला." दारात थांबून ती संयोगिताला म्हणाली, "सोमवारी मी येते. न धुता."

मित्रांनो, माझी भिंगे पुसा किंवा पुसू नका, मला त्याचे काही नाही. तुमच्यातला कोणी डॉक्टर झाला तर त्याने वाकायला शिकावे. आणि मुलींनो, पिशवी काढायला कोणी सांगितले तर आधी विचारा, पाहिलेत का? सोमवारी चंद्राबाईच्या पट्टीवरही तेच जंतू निघाले. तिलाही आठवडाभराच्याच गोळ्या लागल्या.