हनोईच्या गल्लीतली बिनब्रेकची सायकल

मित्रांनो, हनोईच्या जुन्या पेठेत एका चिंचोळ्या लॉजच्या भिंतीला टेकून जी रंग उडालेली हिरवी सायकल उभी असते, ती मी.

माझा जन्म याच शहरातल्या कारखान्यात झाला. लॉजचे मालक हिएन आजोबा यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला न्यान आजींसाठी आणलं. तेव्हा नवी सायकल म्हणजे घरातला दागिना. चोरीच्या भीतीने आजोबा मला रोज उचलून जिन्याने वर नेत. पुढे स्कूटर आल्या आणि मी पाहुण्यांच्या वाट्याला आले. माझ्या ब्रेकचे रबर झिजून गेले. कुणी तक्रार केली की आजोबा म्हणत, "उद्या बघतो."

अशा अवस्थेत मी लुआच्या हाती पडले. लॉजवर उतरलेली बावीस वर्षांची ही मुलगी दूर दक्षिणेतल्या, नारळाच्या मुलखातली. पाठीवर भली मोठी पिशवी आणि घराबाहेर एकटी पडायची पहिलीच वेळ.

पहिल्या दिवशी ती मला घेऊन गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभी राहिली. समोरून स्कूटरचा लोंढा वाहत होता. तिच्या घामाने माझ्या मुठी ओल्या झाल्या. शेवटी ती परत फिरली. आमच्या दारासमोर चहा विकणाऱ्या सेन मावशींनी ते पाहिलं होतं.

"काय गं, रस्ता विकत घ्यायचा होता का? किती वेळ बघत होतीस."

"मावशी, ही माणसं थांबतच नाहीत."

"नाहीच थांबणार. तू चालायला लाग. हळू चाल, पण मधेच थांबू नको आणि मागे सरकू नको. तेच तुला चुकवून जातील."

लुआने मान हलवली, पण त्या दिवशी ती काही पुन्हा गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गल्लीगल्लीतूनच हिंडली. एका वळणावर पेरूवाली आडवी आली. लुआने ब्रेक दाबला, पण मला थांबता आलं नाही. टोपली उलटली, पेरू रस्ताभर झाले. लागलं कुणालाच नाही, पण मी शरमेने मेले. लुआने आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्या बघतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी आजी लेकीकडे गेल्या होत्या. आजोबा दारात माझ्या सीटवर हात टेकून उभे होते. ते म्हणाले, "पोरी, आज मी ऑम आहे गं."

आमच्याकडे ऑम म्हणजे आजारी. पण लुआच्या मुलखात त्याच शब्दाचा अर्थ होतो बारीक. ती हसली. "कुठं आजोबा, चांगले गुटगुटीत तर हाय की तुम्ही."

आजोबाही ओशाळून हसले. त्यांचा हात बर्फासारखा गार पडला होता. ते फक्त मला कळत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

लुआ समोर चहाला गेली. "मावशी, आजोबा स्वतःला बारीक समजतात."

"काय म्हणाले ते? नेमका शब्द सांग."

"ऑम."

मावशींच्या हातातला पेला तसाच राहिला. "अगं, आजारी आहेत ते."

दोघी धावत आल्या तेव्हा आजोबा मला धरूनच खाली बसले होते. "छातीत आवळतंय," एवढंच ते म्हणाले. गल्लीत मोटार शिरत नाही आणि दवाखाना मोठ्या रस्त्यापलीकडे. दोघींनी त्यांना माझ्या कॅरिअरवर बसवलं. लुआने हँडल धरलं, मावशींनी मागून आजोबांना.

रस्ता आला. लोंढा तसाच होता. लुआ क्षणभर थबकली आणि मग चालू लागली. हळू, न थांबता. स्कूटर दोन्ही बाजूंनी अंगाला घासून जात होत्या. मधोमध आलो आणि आजोबांचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं.

"आजोबा, बोलत राहा. आजीला काय सांगू?"

"तिला म्हणावं, तीन आठवडे दुखतंय. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो."

वेळेवर पोचलो म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. पुढचे नऊ दिवस आजोबा इस्पितळात होते. लुआने पुढचा प्रवास रद्द केला आणि आजींबरोबर पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसली. एकदा ती आजींपुढे रडली. म्हणाली, "त्यांनी सांगितलं होतं, मलाच कळलं नाही."

आजी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, मी चाळीस वर्षं त्यांच्याशी एकाच भाषेत बोलते. मला तरी कुठे कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लुआ मला झाडाखालच्या मिस्त्रीकडे घेऊन गेली. "दोन्ही ब्रेक नवे बसवा," ती म्हणाली. मिस्त्री म्हणाला, उद्या ये. ती म्हणाली, "नाही. मी इथंच बसते."

मित्रांनो, झिजलेलं रबर ओरडत नाही. दुखणारं माणूसही बहुधा एकदाच सांगतं, तेही हळू आवाजात. नीट कळलं नाही, तर लाजू नका. पुन्हा विचारा, आणि त्याच दिवशी विचारा.