कागदाखालचा केस

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना अजूनही केस शोधायला लावतात. टेबलावर डोक्याचा एक केस ठेवायचा, त्यावर वहीचा एक कागद, आणि डोळे मिटून बोटांनी केस कुठे आहे ते सांगायचे. जमले की दुसरा कागद, मग तिसरा. ऑस्टिओपॅथीचा, म्हणजे हाडे-स्नायू हातांनी चाचपून उपचार करणारा डॉक्टर इतरांसारखी औषधेही देतो, पण त्याची खरी परीक्षा हातांची असते, आणि हातांची सुरुवात या केसापासून होते. मी छत्तीस वर्षे हा धडा शिकवला. माझा आकडा एकवीस कागदांचा. मिसूरी राज्याच्या उत्तर भागात तो कुणी ओलांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मिरवण्याजोगे माझ्याकडे तेवढेच आहे, आणि तेही मी कधी स्वतः सांगितले नाही. लोक सांगत, मी शेजारी उभा राहून ऐकत असे.

निवृत्तीनंतर मला अनुदान समितीवर घेतले. नुकतेच शिकवायला लागलेल्या तरुण डॉक्टरांना पहिल्या संशोधनासाठी थोडी रक्कम मिळते. त्यातून काही उगवले तर पुढे मोठ्या ठिकाणी मागता येते. आम्ही त्याला नुसते 'बियाणे' म्हणतो. मला का घेतले, ठाऊक नाही. बहुधा मी हातात येईल ते सगळे वाचतो म्हणून.

त्या मार्चमध्ये माझ्या वाट्याचा तिसरा अर्ज कोरिन स्टुट्झमनचा होता. ती माझीच विद्यार्थिनी, आता तोच हातांचा धडा शिकवणारी. विषय पहिल्याच ओळीत होता: कागदाखालचा केस खरोखर किती जणांना लागतो आणि सरावाने बोटे सुधारतात का, ते मोजून पाहायचे.

मी अर्ज मिटला, चष्मा पुसला, पुन्हा उघडला. ओळ तीच होती.

हाच अर्ज माझ्या टेबलाच्या खालच्या खणात पडून होता. बेचाळीस वर्षांपूर्वी मीच तो केला होता, आणि 'विचार करता येत नाही' एवढ्या एका वाक्याने तो परत आला होता. त्यानंतर मी दुसरा अर्ज केला नाही. म्हणजे वाक्य एकच होते, पण मी ते जन्मभर पुरवले.

तिला हे कसे सुचले? मीच कधी कॉफी पिताना बोलून गेलो होतो का? आठवेना. तिची वाक्ये स्वच्छ होती, छोटी होती, कुठेही आर्जव नव्हते. मी असे लिहायला हवे होते. सतराव्या पानावर स्पेलिंगची एक चूक सापडली, तेव्हा माझी सबंध दुपार आनंदात गेली. मध्ये कुठेतरी 'रिकामे गठ्ठे' अशा नावाखाली तक्ते होते. तळटीपासुद्धा न सोडणाऱ्या मी ती पाने भराभर उलटली.

मग गुणांचा चौकोन आला. शून्य द्यायला धीर लागतो. मी 'दोन' लिहिले. शेऱ्यासाठी चार ओळी होत्या. मी एकच लिहिली: 'हा प्रश्न जुना आहे.' पाकीट बंद करताना जिभेला डिंकाची चव आली, आणि लाज वाटण्याऐवजी मला भूक लागली.

बैठकीला अध्यक्ष गेलॉर्ड प्रुइट नेहमीप्रमाणे दालचिनीचे रोल घेऊन आला. तो माझा वर्गमित्र. समोर लोर्ना एबिंग बसली होती, हाडांच्या विभागाची प्रमुख. कुणालाच सोडत नाही.

"वेंडेल, तब्येत बरी आहे ना तुझी?" प्रुइटने माझा कागद वर धरला.

"का रे?"

"तू दोन दिलेस! अहो, हा माणूस सख्ख्या आईच्या हातच्या जेवणाला सहा देईल."

"सात," लोर्ना म्हणाली. "वर शेरा, मीठ कमी."

मला नीट समजेना. "दोन म्हणजे फारच कमी झाले का?"

"कमी कसले? याच्या वर फक्त एक! या वर्षीपासून एक म्हणजे उत्तम आणि नऊ म्हणजे भिकार, मोठ्या संस्थांसारखं. पिवळं पत्र पाठवलं होतं की. तू तर किराणाच्या पिशवीवरचंही वाचतोस."

ते पिवळे पत्र मी एका जाड पुस्तकात खूण म्हणून घातले होते.

"आणि शेरा ऐका," प्रुइट रंगात आला. "'हा प्रश्न जुना आहे.' बस्स! इतका जुना, आणि आपल्यापैकी एकानेही हात लावला नाही. चार शब्दांत आपली सगळ्यांची कानउघाडणी केलीय याने."

लोर्नाने पेन काढले. "मी सहा दिले होते. म्हटलं, केस कसले शोधत बसतात! पण हातांच्या बाबतीत वेंडेल म्हणतोय, तर माझे तीन करा."

एकाच अर्जाला बियाणे मिळणार होते आणि ते कुणाला, हे त्या तीनने ठरले. मी तोंड उघडले.

"काही म्हणायचंय का?" प्रुइटने विचारले.

"रोल छान झालेत," मी म्हणालो.

मे महिन्यात कोरिनने मला जुन्या प्रयोगशाळेत बोलावले. टेबलावर कागदांचे गठ्ठे मांडून ठेवले होते.

"सर, समितीतलं गुप्त असतं, पण डॉक्टर प्रुइटच्या पोटात काही राहत नाही. तुम्ही काय केलंत ते कळलं मला." तिचे डोळे भरून आले होते. "पहिले हात तुमचेच हवेत. बसा."

"किती कागद?"

"बारा."

बारा! मी मनात हसलो. डोळे मिटले, बोटे टेकवली. "हा इथे. डाव्या कोपऱ्याकडे तिरका." आवाज वर्गातला लागला होता.

"नक्की?"

"अगदी नक्की."

तिने वहीत नोंद केली आणि गठ्ठा उचलला. खाली टेबल होते. केस नव्हता.

"हा रिकामा होता, सर. दर तिसरा गठ्ठा रिकामा. नाहीतर केस खरंच लागला की लागावासा वाटला, हे कळायचं कसं?"

माझ्या अर्जात रिकामा गठ्ठा नव्हता. माझ्या त्या एकवीस कागदांखालीही दर वेळी केस होताच, आणि तो आहे हे मला दर वेळी ठाऊक होते.

"तुझा आकडा किती?" मी विचारले.

"माझा? नऊ. त्याच्या पुढे मी चक्क ठोकून देते." ती हसली. "माझ्या चुका या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिल्यात."

तिच्या बोटांचा मला हेवा वाटला नाही. पण ते 'नऊ' तिने ज्या सहजपणे म्हटले, त्याचा वाटला. अजून वाटतो.

"कोरिन, मी तुला दोन दिले ते जुन्या मोजणीने."

तिची पेन्सिल थांबली. "म्हणजे तुम्ही मला नापास केलं होतं?"

"हो."

"का?"

"माझाही असाच अर्ज होता. परत आला होता."

तिची मान लाल झाली. बराच वेळ ती गठ्ठ्यांच्या कडा सारख्या करत राहिली, सारख्या असूनही.

"हे प्रुइटला सांगायला हवं," मी म्हणालो. "मग लोर्नाचे तीन पुन्हा सहा होतील."

"आणि माझं बियाणं जाईल." तिने पिशवीतून अर्जाची प्रत काढून माझ्यापुढे आपटली. "सांगा, जरूर सांगा. पण आधी हा वाचा, पूर्ण. रिकाम्या गठ्ठ्यांची पानं उलटलीत ना तुम्ही? मला वाटलंच. ती वाचून गुण द्या, नव्या मोजणीने. मग दोन्ही आकडे त्यांना सांगा. तुमचं काय जातंय?"

माझे बरेच काही जात होते, पण ते तिला कसे सांगणार?

मी तिथेच वाचला. ती खिडकीपाशी पाठ करून उभी होती. रिकाम्या गठ्ठ्यांची सहा पाने होती. त्यांत एकही ढिला शब्द सापडू नये म्हणून नव्हे, सापडावा म्हणून मी ती दोनदा वाचली. सापडला नाही. मग चौकोनात 'एक' लिहिले. हात आनंदाने चालला असे म्हणवत नाही.

प्रुइटच्या खोलीकडे जाण्याआधी मी पान सतरा काढले आणि स्पेलिंगची ती चूक तेवढी पेन्सिलीने दुरुस्त केली.